दोन गिटारी आणि एक कूलर

आमच्या घरात कूलरसमोरची जागा कोणाची, हा प्रश्न गेल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत कधी उपस्थित झाला नव्हता. अमरावतीच्या उन्हाळ्यात ती जागा आजारी माणसाची, आजारी कोणी नसल्यास पाहुण्याची आणि पाहुणाही नसल्यास माझी, अशी निर्विवाद व्यवस्था होती. त्या एप्रिलमध्ये घरात आजारी माणूस होता, तोच पाहुणाही होता, आणि तरीही कूलरसमोर दोन खुर्च्या जोडून त्यांवर एक गिटार निजवलेली होती. हे कसे घडले याचा खुलासा करणे मला भाग आहे; कारण आमच्या कॉलनीत या घटनेची जी आवृत्ती प्रचलित आहे तीत मला मूर्ख ठरवण्यात आले असून तपशिलाच्या अक्षम्य चुका आहेत.

आजारी माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ देवानंद. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला आणि हयातभर गायन पार्टीत गिटार वाजवत भीमगीते गाणारा. गाणे नसेल तेव्हा त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असे. शेवटी खर्‍याने जिभेतच घर केले. हिवाळ्यात अमरावतीच्या शल्यविशारदांनी ती जीभ जवळजवळ सगळी काढून टाकली. तेव्हापासून तो आमच्याकडे होता. नाकात नळी, जबड्यावर रुमाल आणि हातात पाटी-पेन्सिल.

मी महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. ज्यावर आम्ही भावांनी वाद घातला नाही असा विषय आमच्या घराण्यात शिल्लक नव्हता. छप्पन साली आजोबा धम्मदीक्षेसाठी नागपूरला रेल्वेने गेले की बैलगाडीने, हा त्यांतला ज्येष्ठ वाद. मी रेल्वेच्या बाजूचा, दादा बैलगाडीच्या. या वादापायी आम्ही दोन लग्ने आणि एक गृहप्रवेश बिघडवला होता. पण शस्त्रक्रियेनंतर दादा माझ्याशी सहमत होऊ लागला. एकदा त्याला चेव यावा म्हणून मी मुद्दाम म्हणालो, "आजोबा रेल्वेनेच गेले होते." त्याने पाटीवर लिहिले, "रेल्वेनंच." चाळीस वर्षांचा वाद मी जिंकलो, आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मार्चमध्ये दादाची पुन्हा तपासणी झाली. फिल्म उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "पाहू." या क्रियापदाबद्दल मला आदर आहे. त्यात भविष्यकाळ आहे, आणि डॉक्टरांसारखा जबाबदार मनुष्य भविष्यकाळ उगाच वापरणार नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. मनकर्णाने, म्हणजे माझ्या पत्नीने, वेगळा अर्थ लावला असावा. कारण घरी येताना रिक्षात ती सारा वेळ दादाच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्याच संध्याकाळी दादाने पाटीवर लिहिले, "जयंतीले वाजवीन."

दरवर्षी चौदा एप्रिलला जुन्या शहरातल्या त्याच्या वस्तीत कार्यक्रम होई आणि त्याची सुरुवात दादाच्या गाण्याने होई. गळा गेला होता, पण बोटे शाबूत होती. त्याच्या जुन्या गिटारीची मात्र मान वाकली होती. "कोणती गिटार हवी?" असे विचारताच त्याने चित्र काढले. सारंगीसारखे फुगीर पोट आणि पोटावर दोन्ही बाजूंना नागमोडी चिरा. खाली लिहिले, "आर्चटॉप." तरुणपणी अकोल्यात आलेल्या एका ऑर्केस्ट्रात कोणा गोव्याच्या वादकाकडे त्याने ती पाहिली होती, जाझ वाजवणाऱ्यांची गिटार. मध्यंतरात त्या गृहस्थाने ती दादाच्या मांडीवर क्षणभर ठेवली. तेवढ्या भांडवलावर दादा आयुष्यभर भीमगीतांच्या कडव्यांमध्ये असे काही विचित्र सूर पेरत आला की ढोलकवाले त्याच्यावर कायम नाराज असत.

मी कामाला लागलो.

मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरले की धर्मेंद्रचे वाद्यांचे दुकान लागते. धर्मेंद्र दादाचा शिष्य. त्याने दोन काळ्या पेट्या माझ्यासमोर उघडल्या.

"सर, कंपनी एकच, नाव एकच, रंग एकच. याले गरिबाची म्हना, त्याले सायबाची म्हना."

"मग फरक काय?"

"हे प्लायचं हाय. साच्यात दाबून पोट काढलं. अन् ते अख्ख्या लाकडाच्या दोन फळ्या मधात जोडून, मंग कोरून काढलं."

"आणि किमतीत?"

"त्या एकाच्या किमतीत हे अख्ख्या पार्टीले येईन सर, ढोलकवाल्यासकट."

साहेबाची गिटार कोणा डॉक्टरसाहेबांनी मागवली होती. ती आल्यावर त्यांच्या सौभाग्यवतींनी तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. धर्मेंद्र म्हणाला, "दोनी घेऊन जा. देवानंदभाऊ वाजवून पायतीन. जयंती झाली का एक वापस आना. मी त्याईच्याच हाताखाली शिकलो, तुमाले काय नाई म्हनू?"

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने पेट्यांकडे पाहिले. "काय हो काका, दोन लेकरं झोपवून आनले काय?" पेट्यांचे वेगळे भाडे लागते की नाही यावर मी त्याच्याशी मूर्तिजापूरपर्यंत नियमाला धरून वाद घातला आणि तो वाद मी जिंकला. फक्त तोवर माझ्या आसनावर गिटारी बसलेल्या होत्या, आणि त्यांना उठवण्याची हिंमत, वाद जिंकल्यावर, मला झाली नाही. बडनेऱ्यापर्यंत मी उभा होतो.

घरी येताच मी दोन्ही वाद्यांचे तौलनिक विवेचन लिहावयास घेतले. घाईने केलेली निवड ही निवडच नव्हे, असे माझे मत आहे. प्लायवूडच्या गिटारीवर टिचकी मारली तर 'ठक्' असा आवाज येऊन तेथेच संपे; कोरीव गिटारीवर मारली तर शेजारच्या खोलीत कोणी घसा साफ करावा तसा आवाज आत बराच वेळ राही. प्लायवूडच्या गिटारीतला विद्युतग्राहक, ज्याला धर्मेंद्र पिकअप म्हणतो, पोटाला भोक पाडून स्क्रूने बसवलेला. कोरीव गिटारीत तो लाकडाला स्पर्शही न करता अधांतरी, सोवळ्यात. दादाने दोन्ही वाजवल्या. पहिलीचा स्वर डब्यातून बोलल्यासारखा, पण खणखणीत; दुसरीचा असा की वाक्य संपले तरी अर्थ मागे रेंगाळावा.

"कोणती?" मी विचारले.

"दोनी चांगल्या," त्याने लिहिले.

"असे कसे? काही मत असेल ना?"

"तू म्हनशीन ते."

हे उत्तर मला सहन झाले नाही. मी आणखी दोन पृष्ठे लिहिली.

शेजारचे उत्तमराव आले. मूळचे शेंदूरजनाघाटचे, हयात संत्र्याच्या व्यापारात गेली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही गिटारी उलट्या-सुलट्या केल्या. "सर, अख्ख्या फळीची पेटी उन्हानं उकलते. प्लाय उकलत नाई. दूर माल धाडाचा असन तं मी डोये लावून प्लाय घेतो."

"उत्तमराव, ही संत्र्याची पेटी नव्हे."

"भोकं तं देल्ले हायत हवेले."

"ती आवाजासाठी आहेत."

"आवाज म्हंजे बी हवाच ना, सर?"

मी चहाचा विषय काढला.

माझा कौल कोरीव गिटारीकडे झुकण्याचे कारण मला एका लेखात सापडले. कोरीव लाकडाचा आवाज वाजवता वाजवता उमलतो. नवे असताना ते लाजते. वर्षानुवर्षे तारांनी थरथरल्यावर त्याचा खरा कंठ फुटतो. प्लायवूड पहिल्या दिवशी जे बोलते तेच अखेरच्या दिवशी. हा परिच्छेद मी दादाला मोठ्याने वाचून दाखवला आणि वर सांगितले, "दहा वर्षांनी ही गिटार काय बोलेल, याची कल्पना कर."

दादाने लिहिले, "दहा वर्सं?"

"किमान," मी म्हणालो.

त्याने मनगटाने पाटी पुसली. "मंग चांगलं हाय," असे लिहिले. स्वयंपाकघरात मनकर्णाच्या हातून पातेले पडले.

येथे शासनाने प्रवेश केला. जयंती समितीचा सचिव प्रीतम याचा अकोल्याहून फोन आला. "काका, परवानगीच्या कागदात देवानंदकाकाचं नाव गायक म्हनून हाय. दरसालचंच उतरवलं आमी. आता वादक करा लागते, नाईतं स्टेजवर चढू देत नाईत."

मी अर्ज लिहिला. गीत आणि वाद्य यांचा प्राचीन संबंध, त्यांतील भेद आणि विनंती, अशी त्याची तीन पृष्ठांची बांधणी होती. दादाला घेऊन अकोल्यातल्या परवानगीच्या कार्यालयात गेलो. बाबूंनी पहिले पृष्ठ वाचले, दुसरे चाळले आणि मान वर केली.

"सर, तुमाले पायजे काय?"

"तिसऱ्या पृष्ठावर आहे."

"तोंडी सांगा ना."

मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "गेल्या साली तुमीच गायक लिवून देल्लं. आता गात नाईत, याचा दाखला?"

"जे नाही त्याचा दाखला कसा देणार? एखादी गोष्ट असल्याचा पुरावा मागता येतो. नसल्याचा पुरावा मागणे हे तर्कदृष्ट्या..."

मी वाक्याच्या मध्यावर असताना दादा पुढे झाला. त्याने रुमाल खाली घेतला आणि तोंड उघडले.

बाबूंनी आत पाहिले. पुढच्या टेबलावरच्या बाईंनीही पाहिले आणि नजर फिरवली. शिक्का कागदावर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग बाबू उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि आपली खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा, बाबा." माझा अर्ज टेबलावर तसाच राहिला. बाहेर आल्यावर पाहिले तर दादाचे खांदे हलत होते. मी घाबरून त्याला धरले. तो हसत होता.

आता कूलरकडे येतो. कोरीव लाकूड कोरड्या हवेत तडकते, हे मी वाचले होते. त्याला ओलावा हवा. वऱ्हाडात एप्रिल महिन्यात ओलावा फक्त कूलरमध्ये असतो. सबब, कोरीव गिटार कूलरसमोर आली. जागा व्हावी म्हणून दादाने आपली खाट स्वतःच पायाने बाजूला सारली. प्लायवूडची गिटार मागच्या खोलीत, टिनाच्या छताखाली, कपाटावर टाकली. त्या खोलीत दुपारी मांजरही जात नसे.

मनकर्णा दारात उभी राहिली. "माणसाले हवा नाई अन् लाकडाले कूलर! आवो, त्याले नळी बी लावून देऊ काय, सूप पाजाले?"

"दादाला ती पुढे दहा वर्षे वाजवायची आहे," मी म्हणालो.

ती पदराने दादाच्या कपाळावरचा घाम टिपून आत गेली.

माझ्या विचारात एकच त्रुटी होती, आणि ती विजेच्या बाजूची होती. सकाळभर कूलरच्या ओल्या वाळ्यातून येणारी हवा ते लाकूड प्यायचे. दुपारी वीज जायची, खिडकीतून झळा यायच्या आणि प्यालेले सगळे सुकायचे. मग वीज यायची. फुगणे आणि आकसणे, असा त्याचा दिनक्रम झाला. जयंतीच्या आदल्या दुपारी, कूलर बंद पडून घर चिडीचूप झाले असताना, सुतळी बॉम्ब फुटावा असा आवाज झाला.

उत्तमराव कंपाउंडवरून उडी मारून आले. या वयात ते कसे जमले हे त्यांनाही सांगता आले नाही. "सिलिंडर फुटलं काय, सर?"

गिटार मधल्या जोडावर फाटली होती. तारा अडकवलेल्या शेपटापासून तारा पेलणाऱ्या पुलापर्यंत अशी फट, की तीतून आतले काळोखे पोट दिसावे. उत्तमरावांनी वाकून पाहिले.

"उकलली," ते म्हणाले. सुसंस्कृत मनुष्य असल्यामुळे पुढे काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे झाले असते.

मनकर्णाने भट्टीसारख्या त्या मागच्या खोलीतून प्लायवूडची गिटार आणून दादाच्या मांडीवर ठेवली. दादाने तारा छेडल्या, एक खुंटी किंचित पिळली, आणि ती सुरात होती.

"हरकत नाही," मी म्हणालो. "धर्मेंद्रला आत्ता फोन करतो. रात्रीतून सरस लावून, शिकंजे आवळून देईल. उद्या तू कोरीवच वाजव."

दादाने लिहिले, "नाई."

शस्त्रक्रियेनंतरचा त्याचा हा पहिला नकार होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"का नाही?"

तो भराभर लिहू लागला. पुसायला मनगट पुरेना, तेव्हा बाही वापरू लागला. "बाजूच्या चौकात डीजे हाय. त्या आवाजात कोरीव पोट आपोआपच घुमून बोंबलते. प्लाय बोंबलत नाई."

"मग आवाज कमी करायला सांगू."

"जयंती हाय का लायब्ररी?"

"दादा, प्रश्न एका संध्याकाळचा नाही. दहा वर्षांनी या गिटारीचा स्वर..."

त्याने पेन्सिल इतक्या जोरात टेकली की ती मोडली. उरलेल्या तुकड्याने त्याने लिहिले, "मले एक संध्याकाळ पायजे. दहा वर्सं तुले पायजेत."

"डॉक्टर फक्त 'पाहू' म्हणाले आहेत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"त्यानं पायलं. मी बी पायलं. तूच नाई पाहून राह्यला."

मी पाटी वाचली. पुन्हा वाचली. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना मी सांगत आलो की मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यावे. मी वाकून मोडलेल्या पेन्सिलीचे टोक उचलले. उत्तमराव चपला शोधू लागले. उडी मारून आल्यामुळे त्या कंपाउंडपलीकडेच राहिल्या होत्या.

दादाने पाटी पुन्हा पुसली आणि माझ्यासमोर धरली.

"अन् आजोबा बैलगाडीनंच गेलते."

"रेल्वेने!" मी ओरडलो.

"बैलगाडी."

"नांदगाव खंडेश्वरहून बैलगाडीने नागपूरला पोचायला किती दिवस लागतात, याचा काही हिशेब?"

"म्हनून तं आधीच निंघाले."

दिवेलागणीपर्यंत आम्ही भांडलो. त्याने माझी बुद्धी काढली, मी त्याचा हट्ट काढला. मनकर्णाने मधेच वस्त्रगाळ सूप आणले, नळीला लावले, आणि सूप उतरत असतानाही तो लिहीत होता. "ऐका तं जरा, जेवू द्या त्याईले," ती मला म्हणाली. पण तिथून उठून गेली नाही. खाटेच्या पायाशी बसून राहिली, जणू कोणाचे गाणे चालले आहे.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात प्रीतमने माइकवरून "आमचे ज्येष्ठ वादक" असे नाव पुकारले. दादा निळ्या उपरण्यात, रुमाल वर ओढून, प्लायवूडची गिटार घेऊन बसला. पलीकडच्या चौकात डीजे इतक्या जोरात होता की माझ्या हातातल्या प्याल्यातले पाणी थरथरत होते. त्यातून ती डब्यासारखी, खणखणीत गिटार आरपार ऐकू आली. दरवर्षी तो ज्या गाण्याने सुरुवात करी तेच त्याने वाजवले. पहिल्या ओळीला कोणी गायले नाही, कारण गाणारा तोच असे. दुसऱ्या ओळीला पुढच्या सतरंजीवरच्या बाया गाऊ लागल्या, मग सगळेच. निम्म्यांचे शब्द चुकत होते. कडव्यांच्या मधे त्याने ते गोव्याचे विचित्र सूर घातले, आणि ढोलकवाल्याने नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहून मान हलवली.

कोरीव गिटार तेथे बोंबलली असती, हे सिद्ध झालेले नाही, अशी नोंद मी येथे करून ठेवतो.

मृग लागण्याआधीच दादा गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी प्लायवूडची गिटार त्याची नात आकांक्षा घेऊन गेली. ती आता तिच्यावरच वाजवते आणि उन्हात, पावसात, स्कूटीवर, कशीही नेते. कोरीव गिटारीचा जोड धर्मेंद्रने सरसाने बसवला. परत करण्याचा विषय मी काढला, तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "सर, आता हे तुमचंच."

मला वाजवता येत नाही. पण लाकूड थरथरल्याशिवाय उमलत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी ती मांडीवर घेतो आणि सहाही मोकळ्या तारा एकेक करून छेडतो. उत्तमराव पलीकडून सांगतात, "सर, सूर तं लावा आधी." यंदा कूलर लावला, तेव्हा त्याच्यासमोर दादाची खाट ठेवली. तिच्यावर कोणी बसत नाही. गिटार मागच्या खोलीत असते.

परवा मनकर्णा हात पुसत बाहेर आली आणि थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"उमलला काय आवाज?"

"नाही."

"मंग प्लायच बरी, दादाच बरोबर होते."

"अजून नऊ वर्षे आहेत," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात केली.